आत्तींच्या आंघोळीतल्या नद्या

आम्ही परदेशी निघालो की कुणी चॉकलेटं सांगायचं, कुणी अत्तर. आत्ती पाणी सांगायच्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी. त्या उचगावच्या शेतकरी घरातल्या. लग्न होऊन मंगळवार पेठेत आल्या आणि पुढे जोतिबा आणि पन्हाळा सोडून फारशा कुठे गेल्या नाहीत.

रोज सकाळी पहिला तांब्या अंगावर घेताना त्या मोठ्यानं ‘हर गंगे’ म्हणायच्या. न्हाणीघराचं दार बंद असलं तरी स्वयंपाकघरात ऐकू यायचं. पाणी महापालिकेच्या नळाचं, पण नाव घेतलं की गंगा त्यात येते, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

तुमचे आजोबा निवृत्त झाले आणि आम्ही पहिल्यांदा लंडनला निघालो, तेव्हा त्या म्हणाल्या, “तितं नदी हाय न्हवं? मग तिचं वाईच पानी आन.”

मी हॉटेलातली शांपूची बाटली स्वच्छ धुतली, काठावरच्या पायऱ्या उतरून थेम्सचं पाणी भरलं, दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत मोज्यांच्या मध्ये ठेवलं. ते घाण आहे, पिऊ नका, असं मी घरी आल्यावर बजावलं. “प्यायला कोन निगालंय?” असं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते आंघोळीच्या बादलीत ओतलं. न्हाणीघरातून बाहेर येऊन केस पुसता पुसता विचारलं, “माहेर कुठलं हिचं?”

मला कळेना.

“अगं, निघती कुठनं? आनि सासर कुठं, कुठल्या समुद्राला मिळती? एवढी शिकल्यालीस, एवढं इचारून न्हाईस आलीस?”

तेव्हापासून माझी प्रवासाची रीतच ठरून गेली. सहलीतली मंडळी मनोऱ्यांसमोर फोटो काढत असायची, आणि मी गाईडला विचारत असायची की ही नदी कुठून निघते. स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाइनचा मोठा धबधबा पाहिला, तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, की हिचं माहेर बर्फाच्या डोंगरात, हे आत्तींना सांगायचं. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते आणि वाळवंट ओलांडून समुद्राला मिळते, हे ऐकून त्या म्हणाल्या, “लईच लांब दिली की पोरीला.” खरं सांगायचं तर मला त्या देशांतली देवळं, राजवाडे आता एकमेकांत मिसळलेले आठवतात. नद्या मात्र वेगवेगळ्या आठवतात.

आणलेलं पाणी त्या कधी साठवून ठेवत नसत. ते एका आंघोळीत संपायचं. पण नाव राहायचं. ‘हर गंगे’च्या मागून थेम्स, ऱ्हाइन, नाईल असं रोज, न चुकता, त्यांच्या उच्चारात. शेजारच्या काकू म्हणायच्या, “आत्तीबाईंची आंगूळ म्हंजे विमानाचा प्रवास!”

मागच्या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हिंडणं संपलं. मी तुमच्याकडे अमेरिकेला यायचं रद्द करणार होते, पण त्यांनी ऐकलं नाही. “ज्या पान्यावर माझी पतवंडं वाढत्यात, तेवढं मला अंगावर घिऊ दे. मग माझं काय मागनं न्हाई.” आजोबा त्यांच्यापाशी राहिले आणि मी एकटी आले.

तुमच्या घरामागच्या पुलाखालून मिसिसिपी वाहते. तिथूनच बाटली भरता आली असती. पण माहेरचं पाणी न्यावं असं माझ्या मनात होतं, म्हणून तुमच्या बाबांनी आपल्याला उत्तरेच्या त्या तळ्यावर नेलं. तुम्हाला आठवत असेल, एवढी मोठी नदी तिथे ओढ्यासारखी निघते. तुम्ही दोघं दगडांवर पाय देत तिच्या पलीकडे गेलात आणि परत आलात. मी काठावर बसून पाणी भरलं. लहान बाटली नव्हती, म्हणून तुमची शाळेची निळी बाटली घेतली.

तुमच्या घरी परत आलो आणि आजोबांचा फोन आला. “आईनं खाणं सोडलंय. निघ तू.”

मोठी बॅग भरायला वेळ नव्हता. ती तुमच्याच घरी राहिली. खांद्यावरच्या पिशवीत दोन साड्या, औषधं आणि ती बाटली एवढंच घेऊन मी विमानतळावर गेले. इतक्या वर्षांत पाणी हातातल्या सामानात कधी ठेवलं नव्हतं. हातातल्या सामानात पाणी चालत नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. त्या दिवशी तो आठवला नाही.

तपासणीच्या टेबलाशी गणवेशातल्या बाईनं बाटली वर काढली. ती उद्धट नव्हती. म्हणाली, इथेच पिऊन टाका, नाहीतर परत बाहेर जाऊन मोठ्या सामानात द्या. माझ्याकडे मोठं सामान नव्हतं आणि विमानाची वेळ झाली होती. माझी सासू आजारी आहे, हे तिच्यासाठी आहे, असं मी सांगितलं. तिनं हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि पाणी पिंपात ओतलं. रिकामी बाटली मला परत दिली.

पूर्ण प्रवासात ती बाटली माझ्या मांडीवर होती. आत्तींना काय सांगायचं, एवढाच विचार होता. मुंबईला उतरल्यावर नळ दिसला. खोटं बोलायचा मोह झाला, पण बाटली भरायला हात धजला नाही.

घरी आले तेव्हा आत्ती डोळे मिटून पडल्या होत्या. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, “आनलंस?”

मी सगळं सांगितलं. मला रडू आवरेना. त्यांनी माझा हात चाचपडला.

“रडतीस काय? गंगा तरी रोज कोन आनून देतंय मला? नाव सांग तिचं.”

“मिसिसिपी.”

“मिशी… बाईला मिशी कशी गं?” ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. “माहेर कुठलं?”

मी तळं सांगितलं, दगड सांगितले, तुम्ही दोघं उड्या मारत नदी ओलांडून गेलात तेही सांगितलं.

“पोरांनी वलांडली?”

“व्हय, आत्ती.” त्यांच्याशी बोलताना माझी भाषाही त्यांच्यासारखी व्हायची.

“मग घाल मला आंगूळ.”

डॉक्टरांनी अंग पुसायलाच सांगितलं होतं. मी कोमट पाणी आणलं, त्यांना कुशीवर वळवलं. ओला पंचा पाठीवर ठेवला, तशी त्यांनी सुरुवात केली. हर गंगे. थेम्स. ऱ्हाइन. नाईल. पुढे दम पुरेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मिसिसिपी.” त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

त्या आठवड्यातच त्या गेल्या. शेवटची आंघोळ पेठेतल्या बायकांनी आणि मी घातली. पहिला तांब्या माझ्या हातात होता. मी सगळी नावं मोठ्यानं घेतली. हसलं कुणी नाही. काकू माझ्या मागून एकेक नाव म्हणत होत्या, चुकत चुकत.

रक्षा आपल्या गावच्या पंचगंगेत सोडली. घाटावर उभी असताना माझ्या लक्षात आलं, की त्यांनी पंचगंगेचं नाव आंघोळीत कधी घेतलं नव्हतं. घरातल्या माणसाला कोण हाक मारून बोलावतं?

तुमची निळी बाटली इथे माझ्या खिडकीत आहे. ती मी पाठवणार नाही. पुन्हा कधी त्या तळ्यावर गेलात, तर दगडांवरून उड्या मारण्याआधी पाण्याला हात लावा आणि पंचगंगेचं नाव घ्या. तुमच्याकडे तिला हाक मारूनच बोलवावं लागेल.