चौथं फळ

बाईंचं काम थोडक्यात सांगायचं तर झाडं मारण्याचं होतं. लोकांना वाटायचं, पीचची नवी जात तयार करणारी बाई म्हणजे सारखी झाडं लावत असेल. लावायच्याच त्या, पण हजार लावली तर नऊशे नव्व्याण्णव उपटायच्या.

सरकारी फळसंशोधन केंद्रात त्यांची सारी नोकरी गेली. कमरपट्ट्याला कायम एक बारीक चिमटा अडकवलेला, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना चिमटाबाई म्हणत आणि समोर नुसतं बाई. थंडी सरताना पीचच्या कळ्या गुलाबी होऊन फुगत. त्या उमलायच्या आत चिमट्यानं आतले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग बोटाच्या टोकानं लावायचे आणि वर कागदी पिशवी बांधायची. धरलेल्या फळाची बी थंड ओल्या वाळूत तीन महिने ठेवायची, रुजवायची, रोप ओळीत लावायचं आणि फळाची वाट बघायची. तिसऱ्या वर्षी फळ यायचं. ते मापात बसलं नाही की खोडावर चुन्याची रेघ. रेघ ओढलेलं झाड दुसऱ्या दिवशी मुकादम काढायचे.

मुकादम केंद्रात बाईंच्याही आधीपासून होते. शिक्षण बेताचं, पण त्यांनी भरलेला डोळा वाया गेलेला कुणी पाहिला नव्हता. एका झाडाच्या काडीवरचा डोळा सालीसकट अलगद सोलायचा, दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. तो जगला की त्या जागी पहिल्या झाडाची फांदी फुटते. हे काम मुकादम गप्पा मारता मारता करत. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांना सवय होती, त्यामुळे ओळीत कुठे आहेत ते न बघता कळायचं. बाईंशी त्यांचं रोज एकदा तरी वाजायचं. ऑफिसातले कारकून म्हणत, लग्न न करता संसार चाललाय. बाई हसून सोडून द्यायच्या. मुकादमांची बायकोसुद्धा हसायची.

त्या वर्षी नव्या रोपांना जागा हवी होती. सातव्या ओळीतल्या एका झाडाला पहिल्यांदाच फळं आली, तीही चारच. बारीक, हिरवट, एका अंगानं चपटी. बाईंनी नियमाप्रमाणे तीन फळं किंचित कच्ची असताना तोडली, माप घेतलं, वजन केलं, गोडी तपासली. कशातच बसेना. आठवड्यानं त्यांनी चुन्याचा ब्रश उचलला तेव्हा मुकादम मधे आले.

"बाई, एक वर्ष द्या याला. हे झाड अजून लाजतंय."

"प्रत्येक झाडाला असं वर्ष देत बसले तर मी म्हातारी होईन, मुकादम."

"सगळ्यांना नकाच देऊ. याला द्या."

"नियम सगळ्यांना सारखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमांनीच झाड मुळासकट काढलं आणि कचऱ्याच्या ढिगावर नेऊन पेटवलं.

दुपारी बाई टेबलावर आल्या तर कागदात गुंडाळलेलं चौथं फळ तिथे ठेवलेलं. झाडावर पुरतं पिकू दिलेलं. नोंदी लिहिता लिहिता त्यांनी सहज एक घास घेतला आणि हातातलं पेन तसंच राहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो पीच चाखले होते. चाखून थुंकायचे, हीच त्यांची सवय. हे फळ त्यांनी बीपर्यंत खाल्लं. त्यातली गोडी नंतर यायची. आधी जरा कडसर, मग आंबट, आणि गिळून झाल्यावर मागून गोड. त्या उठून बाहेर गेल्या. ढिगावरचं झाड जळून गेलं होतं, नुसता धूर निघत होता.

आता जाऊन मुकादमांना सांगायचं होतं की तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. वाक्य एवढंच होतं. बाईंनी बी धुऊन खिडकीत वाळत ठेवली आणि ठरवलं की उद्या सांगू. उद्या साहेब आले होते. परवा मजुरांसमोर नको वाटलं. मग मनात आलं, सांगून झाड थोडंच परत येणार आहे. मुकादम रोजच्यासारखे येत, कामाचं बोलत, जात. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करताना ते खाली बसले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. वय सत्तावन्न.

बाईंनी ती बी रुजवली. झाडाला फळं आली, पण पचपचीत. मग ज्या दोन झाडांच्या संकरातून ते झाड निघालं होतं त्यांचा त्यांनी पुन्हा संकर केला. एकदा नाही, चार वेळा. तेच आईबाप, तोच हंगाम, हात तेच. सहाशे रोपं झाली आणि एकातही ती चव आली नाही. येणारही नव्हती; एकाच आईबापाची दोन मुलं सारखी निघत नाहीत, हे त्या नव्या मजुरांना पहिल्या दिवशी शिकवत.

तिसऱ्या वेळी कळ्या सोलत असताना शेजारच्या सातव्या ओळीत कुणीतरी घसा खाकरला. बाई सवयीनं म्हणाल्या, "हो, येते." मग त्यांच्या लक्षात आलं. फांद्या बाजूला करून पाहिलं, ओळ मोकळी होती. पुढे ते अधूनमधून होऊ लागलं, भर उन्हात, माणसं आसपास असताना. ऐकू फक्त त्यांना यायचं. काय सांगायचंय ते कधी कळलं नाही, कारण खाकरल्यानंतरचं बोलणं कधी यायचंच नाही. बाई हात थांबवून वाट बघत. मजूर बायकांनी हे पाहिलं आणि सातव्या ओळीत त्यांच्याबरोबर एकटीनं जायचं टाळू लागल्या. धाकटी बहीण म्हणाली, ताई, कान दाखव डॉक्टरला. कान ठणठणीत निघाले.

बाराव्या वर्षी मुकादमांची बायको ऑफिसात आली. एवढ्या वर्षांत ती केंद्राकडे फिरकली नव्हती. रस्त्यात भेटली तरी मान वळवून जायची. ती बसली नाही. उभ्यानंच म्हणाली की घरासमोरचा रस्ता रुंद होतोय, कुंपणाजवळचं पीचचं झाड पुढच्या महिन्यात जाणार. एरवी ती आली नसती, पण नवऱ्याचा शब्द होता.

"कसला शब्द, वहिनी?"

"झाड काढायची वेळ आली तर आधी बाईंना विचार, म्हणाले होते. त्याच्यावर एक फांदी तुमच्याकडची आहे."

वहिनी खिडकीकडे बघत बोलत राहिली. रेघ मारली त्या संध्याकाळी मुकादम एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी घेऊन आले होते. केंद्रातून काडी बाहेर न्यायला बंदी. उभ्या नोकरीत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. घरच्या झाडावर दोन डोळे भरले, त्यातला एक धरला.

"मला सांगायचं तरी," बाई म्हणाल्या.

"ते सांगणारच होते. तुमच्या खिडकीत बी वाळत घातलेली बघितली होती त्यांनी. मला म्हणाले, बाईंनी फळ खाल्लंय, आता त्या येतील, त्या आल्या की देईन. रोज घरी आल्यावर मी विचारायची, आल्या का बाई? ते म्हणायचे, उद्या येतील." वहिनी खिडकीवरून नजर काढून बाईंकडे वळली. "अकरा दिवस विचारलं मी. मग माझं तुमच्यावर मन उडालं."

बाईंनी पायात चपला घातल्या.

दोघी चालत मुकादमांच्या घरी गेल्या. झाड म्हातारं झालं होतं, अर्ध्या फांद्या वाळलेल्या, पण कुंपणाकडची फांदी मनगटाएवढी जाड होती आणि तिला पस्तीस-चाळीस फळं लगडली होती. आता ती बारीक नव्हती, चपटीही नव्हती. खरंच एक वर्ष द्यायला हवं होतं. वहिनीनं एक पिकलेलं तोडून हातात ठेवलं आणि समोर उभी राहिली. बाईंनी खाल्लं. चांगलं होतं, फारच चांगलं.

"तेच का?" वहिनीनं विचारलं.

बाई बराच वेळ चघळत राहिल्या. बारा वर्षं ती चव त्यांनी रोज मनात उगाळली होती. इतकी, की खरी कोणती आणि आपण रंगवलेली कोणती हे आता सांगता येईना. "झाड तेच आहे, वहिनी," त्या म्हणाल्या. "चव मला आठवत नाही." आणि तिथेच कुंपणाला धरून रडल्या. वहिनीनं पाणी आणून दिलं. जवळ घेतलं नाही, पण गेलीही नाही.

त्या फांदीच्या काड्यांवरून केंद्रात चोवीस कलमं बांधली. पाच वर्षं तपासणी चालली आणि जात मंजूर झाली. अर्जात शोध कुणाचा या रकान्यात बाईंनी मुकादमांचं नाव लिहिलं. कमिटीनं विचारलं, ही व्यक्ती शास्त्रज्ञ होती का? आणि काडी बाहेर गेलीच कशी? बाईंनी सगळं खरं लिहून पाठवलं, स्वतःच्या चुन्याच्या रेघेसकट. त्यांना खुलासा द्यावा लागला, बढती अडकली. जातीला शेवटी नाव नाही, नुसता एक सरकारी क्रमांक मिळाला. रोपवाटिकांच्या पाट्यांवर मात्र 'मुकादम' असंच लिहितात, कारण बाई काड्या देताना तेच नाव सांगायच्या. पाटी लागल्याचं वहिनीला कळवायला त्या स्वतः गेल्या. वहिनी म्हणाली, बरं झालं, आणि चहा ठेवला. त्यानंतर दोघींचं येणंजाणं सुरू झालं. फार बोलणं नसायचं.

जात मंजूर झाल्यापासून ते खाकरणं बंद झालं. बाईंना वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. फुलांच्या दिवसांत त्या सातव्या ओळीत तासन् तास रेंगाळत आणि कुणी हाक मारली तर दचकत.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या हंगामात त्यांनी नवीनच पद्धत पाडली. झाड काढण्याआधी ओळीतल्या प्रत्येक माणसाला त्या विचारायच्या, ठेवू का? कामाला उशीर व्हायचा, साहेब चिडायचे. एकदा एका मजूर बाईला त्यांनी एका रोपाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "काढा, बाई. यात काही नाही." बाईंनी तिला पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. ती बिचारी गोंधळून म्हणाली, "मला काय कळतंय? तुम्ही सांगाल तसं." रोप काढलं. मजूर जेवायला गेले, जेवून परत आले, तरी बाई त्या खड्ड्याशी कान देऊन उभ्याच होत्या. त्यांना तिथून बाजूला करून खड्डा बुजवावा लागला.