आत्यानं काढलेली मूर्ती

वालूरहून निघालो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं आणि मी तेव्हापासूनच चिडलेली होते. मॅट्रिकचं वर्ष. परभणीहून आत्याकडे आलो ते हुरडा खायला, असं मला सांगितलं होतं. निघालं भलतंच. वडलांना एक मूर्ती बघायला जायचं होतं, तेही पायी, जाऊन येऊन अख्खा दिवस.

मूर्तीचं असं होतं. बहात्तरच्या दुष्काळात आत्या तलावाच्या कामावर माती वाहायला होती. एके दिवशी टोपलं भरताना तिला मातीत दगडी कान दिसला, चांगला लांब. मग मिटलेला डोळा दिसला. पदरानं तोंडावरची माती पुसायला ती वाकली, तेवढ्यात तिथल्या गावातली माणसं धावत आली आणि आधी आमच्या बायांना हाकललं. मूर्तीला हात लावायचा राहूनच गेला. पण आत्याच्या मनानं घेतलं, तो बुद्धच. दीक्षा घेतल्यापासून आमची वस्ती या मुलखात आपलं जुनं काही सापडतं का, म्हणून आसुसलेली. आता आत्याचे गुडघे गेले होते. "त्योच हाय का न्हाई, एवढं बघून ये," म्हणून तिनं वडलांच्या मागं टुमणं लावलं होतं.

वडील कचेरीत कारकून, पण इतिहासाचं वेड. गावची बारव मागं पडली आणि त्यांचं तोंड सुरू झालं. एका ओसाड गावाच्या टेकाडावर त्यांनी खापराचे तुकडे वेचले आणि सातवाहनांच्या वेळचे असतील म्हणत माझ्या पिशवीत कोंबले. कुणाच्या तरी बांधावर वीरगळ होता, त्यात ढाल-तलवारवाला गडी झिजून नुसता आकार राहिलेला. पुढच्या गावात एका गोठ्याच्या उंबऱ्याला देवळाचा कोरीव खांब आडवा टाकलेला होता. वडील हळहळायला लागले. माझं टाळकंच सरकलं.

"ज्या देवळाच्या पायरीला आपल्या माणसांना उभं केलं नसेल, त्याच्या खांबावर म्हशी मुतल्या तर मुतू देत की," मी म्हणाले.

"दगडावर कसला राग? घडवणारे आपलेच असतील."

आपलेच असतील! दिवसभर हेच पालुपद. आपले होते तर आपल्याकडे त्यातला एक चिरा तरी का नाही, हे त्यांना विचारलं की ते पायांचा वेग वाढवायचे.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तलाव आला. पाळूवर सिमेंटचा ओटा, वर पत्रा, आणि ओट्यावर मांडी घालून तो बसलेला. कान लांब, डोळे मिटलेले. डोक्याला नि मांडीला शेंदूर. गावानं त्याचा म्हसोबा केला होता. ओट्यापुढं बोकड कापल्याचे डाग काळे पडले होते. वडील बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. छातीवर चौकटीसारखी उठलेली खूण होती आणि अंगावर चिवराची एक रेघ नव्हती.

"जैनांचा आहे," ते पुटपुटले. "मुंगी मारू नका म्हणणारा माणूस. आणि ह्याच्यापुढं बोकड!"

तरी त्यांनी चपला काढल्या आणि एक पाय ओट्यावर ठेवला. शेजारी मेंढरं राखत बसलेली म्हातारी उठली.

"पावणं, कुनाच्यातले?"

"बौद्ध आहोत. वालूरचे."

"मंग हितूनच बघा. वर चढू नका."

"ही मूर्ती माझ्या बहिणीनं काढली, दुष्काळात," वडील म्हणाले.

"काढली आसल. माती उचलली म्हून देव काय तिचा झाला?"

"हा म्हसोबा नाही, बाई. तुमचाही नाही आणि आमचाही नाही."

"तुमचा न्हाई ना? मंग कशाला शिवायलाव?"

तिनं हाक मारली तशी पलीकडच्या खळ्यावरची दोन माणसं उठून आली. ओट्याला लागून उभी राहिली. वडलांनी पाय खाली घेतला. चपला घातल्या. मी ढेकूळ उचललं होतं. "टाक ते," ते म्हणाले. मी टाकलं, पण ते म्हातारीला मारायचं की वडलांना, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. त्या पायाचा, तो मुकाट खाली घेतल्याचा मला आजही संताप येतो. दोनच तर माणसं होती!

परतीच्या वाटेवर तो कोरीव खांब आला तरी वडील थांबले नाहीत. वालूर जवळ आलं तेव्हा मीच म्हणाले, "आत्याला सांगा बुद्धच आहे म्हणून. तिला कुठं कळतंय?"

"खोटं सांगायचं नाही," ते खेकसले. "आपल्याला भाकडकथा नकोत म्हणून तर त्या धर्मातून बाहेर पडलो ना आपण?"

दिवेलागणीला पोचलो. आत्या दारातच बसली होती.

"अक्का, तो बुद्ध नाही. जैनांची मूर्ती आहे."

आत्यानं गुडघा चोळला. मग म्हणाली, "आसू दे. त्यो बी भला मानूसच आसल कुनी." आणि पुढं वाकून, "हात लावू दिला का रं तुला?"

मी वडलांकडे बघितलं.

"दिला," ते म्हणाले.

आत्यानं त्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला. वडलांनी तो सोडवून घेतला नाही.