आधी मला तपासा

माझ्या आईला, छबुबाईला, कुणी शहाणी म्हटलं की मला हसू येतं. हट्टी म्हणा, चौकस म्हणा, चालेल. घरात काहीही नवं आलं की ते आधी तिनं स्वतः वापरून बघायचं आणि मगच दुसऱ्याच्या हातात द्यायचं. रुक्मिणीवहिनी नवी नवरी म्हणून आली, तेव्हा आडाचा दोर तिच्या हाताला काचेल का, हे बघायला आईनं आधी स्वतः घागरी ओढल्या होत्या म्हणे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. बीडजवळच्या लिंबागणेशच्या अलीकडं आमचं गाव. वहिनीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं, दुसरं पाचवी पुजायच्या आत गेलं. दोघांपैकी कुणी बारशापर्यंत पोचलंच नाही, त्यामुळं दोघांना नावंही नव्हती. आता तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. तोंड पांढरंफटक पडलेलं, चार पावलं चालली तरी धाप लागायची. माझा भाऊ गहिनीनाथ बीडहून ऐकून आला की सरकारी दवाखान्यात हैदराबादेची डॉक्टरीण आलीय आणि ती पोटुशा बायांना दर महिन्याला तपासते, बाळंतपणाच्या कितीतरी आधी. गावात सगळे चक्रावले. कळा सुरू झाल्यावर सुईणीला बोलवायचं, एवढंच लोकांना ठाऊक. शेजारच्या कडूबाईनं तर सांगून टाकलं, "तितं पोट दाबून लेकरू आडवं करत्यात."

वहिनी घाबरली. आई म्हणाली, "आदी मी जाऊन येते. मला काय करत्यात ते बगते. मंग सुनेला न्यायची का न्हाई ते ठरवू."

वडिलांनी, आश्रुबांनी, गाडी जुंपली. दवाखान्यात आई डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माज्या सुनेला जे करणार ते आदी मला करा." त्या बाईंना मोठी गंमत वाटली. त्यांनी आईला टेबलावर झोपवलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं दाबली, पोटावर हात ठेवला. मग हसायच्या थांबल्या आणि पुन्हा हात ठेवला.

"अम्मा, पाळी कब से बंद है?"

"वयच झालं की आता. वाताचं पोट हाय ते."

"वात नै अम्मा. चौथा महिना है."

आई आधी हसली, मग तिनं पदर तोंडावर घेतला. घरी येताना वडील विचारत राहिले, काय झालं, काय म्हणाल्या बाई? आई म्हणे, "बैलांकडं बगा." शेवटी गावाच्या शिवेवर तिनं सांगितलं, तेव्हा वडिलांनी बैलच थांबवले. त्यानंतर कित्येक दिवस ते पारावर बसायला गेले नाहीत. पोरगा मिसरूड फुटून संसाराला लागलेला आणि बाप पुन्हा बाप होणार, कुठल्या तोंडानं बसायचं चार माणसांत?

पण दवाखान्यात भिण्यासारखं काही नाही, हे आईला पटलं होतं. पुढच्या महिन्यात तिनं वहिनीला नेलं. छबुबाई सुनेची किती काळजी करते म्हणून गाव कौतुक करू लागलं. काळजी होतीच, पण त्याच फेरीत आई स्वतःलाही गुपचूप तपासून घ्यायची. डॉक्टरीणबाईंनी वहिनीला तांबडं औषध दिलं, पालेभाजी खायला सांगितली, डोक्यावर ओझं उचलू नको म्हणाल्या. आई तिला घरात सगळ्यांच्या आधी जेवायला बसवायची. वहिनी आईच्या हातातली घागर हिसकायची, आई तिच्या हातातली. शेवटी पाणी गहिनीनाथ भरू लागला आणि गावाला हसायला कारण मिळालं.

सातव्या महिन्यात आईला पोट झाकायला पदर पुरेना. आडावर सगळ्या बायांदेखत कडूबाई म्हणाली, "छबू, नातू कोण आन् लेकरू कोण, कसं वळखायचं गं?" बाया खिदळल्या. आई घरी आली ती चुलीपुढं बसून राहिली. "मी न्हाई येत आता बीडाला. गहिनीनाथ नेईल तुला."

वहिनीच्या गालावर तेव्हा कुठं रंग चढला होता. बाईंनी पोटाला नळकांडं लावून बाळाचे ठोके ऐकले होते आणि आता लवकर लवकर या असं बजावलं होतं. सासूपुढं कधी वर मान न करणारी वहिनी उंबऱ्यात बसली.

"तुमी गाडीत न्हाई तर मी बी न्हाई. मला एकटीला लई भ्याव वाटतं. ह्या डावाला मला लेकरू पायजे."

दुसऱ्या दिवशी आईनं गाडी नेहमीसारखी मागच्या बोळात नाही, पारासमोर उभी करायला लावली. पदर कमरेला खोचला आणि सगळ्या गावादेखत पोट घेऊन गाडीत चढली. वहिनीला हात दिला. मग कडूबाईला हाक मारली, "रडल्यावर जी पाजंल ती आई, एवढं बी वळखंना का तुला? आन् तुज्या लेकीला दिवस गेल्यात, तिलाबी पाठव पुडच्या खेपंला. गाडीत जागा हाय."

कडूबाईची लेक पुढच्या खेपेला खरंच आली.

आधी मी जन्मले, मग महिन्याभरानं वहिनीला मुलगा झाला, चांगला ठणठणीत. तरी वहिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. बारशापर्यंत ती त्याला मांडीवरून खाली ठेवेना. बाराव्या दिवशी पाळणा बांधला आणि प्रश्न पडला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि गहिनीनाथला बहीण एकच, ती म्हणजे मी. आईनं मला उचललं आणि माझं तोंड बाळाच्या कानाशी नेलं. मी भोकाड पसरलं. आईनं माझ्या वतीनं हळूच नाव सांगितलं, शहादेव. मग आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत. दीड महिन्याच्या पोरीला कोण मारणार? आईनं स्वतःची पाठ पुढं केली. सगळ्यात जोरात कडूबाईनं मारलं.

वहिनी हसत होती. तिनं आत्याचा मान म्हणून खणाची नवी चोळी माझ्या अंगावर ठेवली, माझ्या एवढ्याशा पायांना हात लावला आणि म्हणाली, "माज्या लेकराला नाव मिळालं, वन्सं." आणि मग ती रडायला लागली.