संध्याकाळचा झेंडा

फौजेतून घरी येऊन वर्ष झालं, पण दिवस मावळायला लागला की माझे पाय अजून जागेवर राहत नाहीत. चहा अर्धा टाकून मी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर जातो, तिथून साकोलीच्या रोडवर, ट्रक बघत उभा राहतो, परत येतो. बायको विचारते, "काहून असे फिरून राहिले जी?" मी उलट तिच्यावरच चिडतो.

या पंधरा ऑगस्टला तर चिडायला दोन कारणं होती. पलटणीतल्या एका जुन्या सोबत्याने माझ्यासाठी नागपूरला सिक्युरिटी गार्डची नोकरी पाहून ठेवली होती आणि रात्रीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. बायको एवढंच म्हणाली, "तुमचं तुमी पाहा." तिने असं म्हटलं की समजावं, तिला ते नको आहे. दुसरं म्हणजे, सरपंचबाईंनी ग्रामपंचायतीचा झेंडा माझ्या हातून चढवायचं ठरवलं होतं, आणि मी साफ नाही म्हटलं.

लोकांना वाटतं, फौजी माणूस झेंडा पाहिला की गहिवरतो. अहो, पहिल्या वर्षी गहिवरलो होतो की! पुढे कडक इस्त्री, बुटाची चमक आणि साहेबांचं भाषण संपून लाडू केव्हा मिळतो, एवढंच डोक्यात. संध्याकाळी झेंडा उतरताना बिगुल वाजायचा, आणि बाहेर जो जिथे असेल त्याने तिथेच सावधान उभं राहायचं. आम्ही घड्याळ पाहून आधीच लंगरमध्ये, म्हणजे जेवणघरात, शिरायचो. एकदा मी दोन्ही हातांत चहाचे मग घेऊन मैदानाच्या मधोमध सापडलो. बिगुल संपेपर्यंत चहा पार थंड. झेंड्यावर प्रेम नव्हतं असं नाही. रोज भेटणाऱ्या माणसाला कोणी रोज मिठी मारत नाही, इतकंच.

तर सकाळी मी गेलो नाही. संध्याकाळी नेहमीसारखा निघालो आणि पंचायतीसमोर थबकलो. झेंडा अजून वरच होता. खाली सकाळच्या फुलांचा चिखल झालेला, आवारात चिटपाखरू नाही. सरपंचबाईंना फोन लावला.

"राहू द्या न फौजी, सकाळी उतरवू. आता रात्री राह्यला तरी चालते म्हणतात."

"चालत असन. मले नाही चालत," म्हणून मी फोन ठेवला. मग स्वतःचाच राग आला. सारी नोकरी ज्या वेळेपासून पळालो, ती वेळच आता मानगुटीवर बसली होती.

दोरीला कुणीतरी भलतीच गाठ मारलेली, वर ती पावसाने फुगलेली. नखं दुखायला लागली, गाठ सुटेना, आणि उजेड तर चालला होता. तेवढ्यात बायको मला शोधत आली. धानाच्या रोवण्याचा चिखल अजून तिच्या पायांवर होता. तिने केसातला आकडा काढून गाठीत घातला, आणि ती सैल झाली.

मी झेंडा उतरवायला घेतला. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश, हे हातांना सांगावं लागलं नाही. "खाली टेकू नोको देऊ," मी ओरडलो. तिने पदराला हात पुसून दुसरं टोक धरलं. पांढरा पट्टा वर, बाकीचे दोन खाली, मी सांगत गेलो तशी ती दुमडत गेली. मग मी सावधान उभा राहिलो. बिगुल कुठला? पलीकडे बोडीच्या पाण्यात बेडकं ओरडत होती. ती माझ्या बाजूला येऊन तशीच उभी राहिली, आणि मला रडू आलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "याच्या मागून काय करत होते तिथं फौजेत?"

"काही नाही. दिवस संपला म्हणायचं. ज्याची ड्युटी नाही तो मोकळा."

"मंग इथं तुमाले कोणी सांगतलंच नाही म्हणा," ती म्हणाली. "संपला जी दिवस. चला घरी."

झेंडा सरपंचबाईंच्या हाती देऊन आम्ही घरी आलो. अर्धा टाकलेला चहा तिने पुन्हा गरम केला. मी तो बसून प्यायलो, आणि मग सोबत्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.