सोनेरी गरुड आणि जावेच्या हाताचा गुण

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी जेमतेम साठीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. मुलाने नवा फोन हातात ठेवला. आयटीतल्या सुनेने, मी तिला दिवसभर हाका मारू नयेत म्हणून, त्यात पत्त्यांचा एक खेळ घालून दिला. हे बदाम-इस्पिकचे पत्ते नव्हेत. रोज एक बंद पाकीट फुकट मिळायचं, बोट टेकवलं की फुटायचं आणि आतून उंदीर, बेडूक, भालेवाले शिपाई असले पत्ते निघायचे. सगळ्यात दुर्मीळ पत्ता सोनेरी गरुडाचा. तो निघाला की फोनभर पंख पसरायचे. हे मी पाहिलं ते जावेच्या फोनवर.

माझी धाकटी जाऊ बिबवेवाडीला राहते. मला बघायला म्हणून आली, खेळ पाहिला, "मलाही द्या की" म्हणाली. सुनेने दिला. पहिलंच पाकीट, आणि गरुड.

"अय्या वहिनी, हे काय उडालं हो?"

काय निघालंय हेसुद्धा बाईला कळलं नव्हतं! तेच जास्त झोंबलं.

तिच्या हाताला गुण आहे, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. त्यामुळे घरचं लोणचं तिनेच कालवायचं. मी कालवलं की आषाढात बुरशी ठरलेली. इतकी वर्षं कैऱ्यांपुरतं सहन केलं, आता इंटरनेटवरही हिचाच हात?

मी इरेला पेटले. राहुकाळ टाळून पाकिटं फोडली, अंघोळ करून फोडली, देवासमोर पाटावर बसायचं म्हणून दुखरा गुडघा कसाबसा दुमडून फोडली. बेडूक, बेडूक, शिपाई. शेवटी सुनेला म्हटलं, "इतकी फोडली, आता तर यायलाच हवा ना?"

"आई, साधारण शंभरात एक येतो असं तिथे लिहिलंय."

"मग माझी शंभर झालीच असतील."

"तसं नसतं हो. आधी काय निघालं ते पाकिटाला आठवत नाही. दर वेळी शंभरात एकच."

"आणि तिला?"

"काकूंनाही तेवढंच."

"तुमच्या कंपनीत हेच शिकवतात का?" म्हणून मी विषय संपवला. पाकिटाला आठवत नसेल, मला आठवत होतं.

मग मी जावेला जेवायला बोलावलं. श्रीखंड केलं, आग्रह करकरून वाढलं आणि अगदी सहज फोन पुढे केला. "चष्मा कुठे गेला कोण जाणे. एवढं बोट टेकव गं." चष्मा माझ्या डोक्यावर होता. तिने श्रीखंडाचं बोट चाटलं, पदराला पुसलं आणि टेकवलं. फोनभर पंख!

वाटलं, आता जीव थंड होईल. पण जाऊ जिथे भेटेल तिथे, भिशीत, बारशात, सगळ्यांना सांगायची, "वहिनींचा गरुड पाहिलात का? मीच काढून दिला." म्हणजे तिच्याकडे तिचा गरुड, आणि माझ्याकडेही तिचाच!

त्या खेळात नको असलेला पत्ता मोडता यायचा. पत्ता जायचा, बदल्यात थोडी नवी पाकिटं मिळायची. लोक बेडूक मोडतात. मी गरुड मोडला, आणि नवी पाकिटं स्वतःच्या बोटाने फोडली. सगळी वटवाघळं. सुनेने कपाळाला हात लावला. मी मात्र ताठ होते, फोनमध्ये आता जावेचं काही उरलं नव्हतं.

पुढच्या खेपेला जावेला हे कळलं, तेव्हा ती मनापासून हळहळली. "अहो वहिनी, मोडला कशाला? मला सांगायचं. दुसरा काढून दिला असता."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिच्या चहात मुद्दाम साखर घातली नाही. तिने घोट घेतला, कप खाली ठेवला.

"बरं ओळखलंत हो," ती म्हणाली. "डॉक्टरांनी कालच बंद करायला सांगितलीय."