ते ‘मागे’ म्हणत होते

त्या वर्षी मी देवीवर रुसले होते. नवरात्र तोंडावर आलं तरी घट बसवायची तयारी केली नव्हती. ह्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झाले होते. उजवी बाजू लुळी, बोलणं जवळजवळ गेलेलं. मनात सगळं असायचं, पण तोंडातून दोन-चारच शब्द यायचे. जन्मभर ड्रायव्हरकी केलेला, चार माणसांत गप्पांचा फड जमवणारा माणूस ठाकुर्लीच्या घरात खिडकीशी बसून राहायचा. मग दिवा तरी कुणापुढे लावायचा, असं मला झालं होतं.

तरी अष्टमी जवळ आली तसा ह्यांनी हट्ट धरला. कॅलेंडरवरच्या देवीच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, “ठाणे.” लग्न झाल्यापासून आमची एकही अष्टमी टेंभी नाक्याच्या देवीवाचून गेलेली नाही. भाड्याच्या गाडीत बसायला त्यांचा साफ नकार. राहिली आमची जुनी गाडी. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली, आणि उन्हाळ्यापासून नवीनच खोड लागलेली. अर्धा-पाऊण तास झकास चालायची, मग अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, ओढायचीच नाही. धापा टाकत मंदावायची. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा नीट. कल्याणला व्यायामाच्या डॉक्टरांकडे जाण्याएवढ्या छोट्या फेरीत कधीच त्रास नाही. गॅरेजमध्ये तर नाहीच. मेकॅनिकने प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप तपासला, फेरी मारून आला आणि म्हणाला, “काकू, गाडीला काहीच नाहीये हो.”

ठाण्याला बहिणीकडे जायला दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा गाडी वाटेत बसली. दोन्ही वेळा हे कासावीस होऊन “मागे, मागे” म्हणत राहिले. मी गाडी वळवून घरी आणली. घरी आल्यावर मात्र ते माझ्याशी रुसून भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला वाटायचं, आजारपणाने स्वभाव बदलला.

अष्टमीला सकाळी पेट्रोल कमी पडू नये म्हणून टाकी फुल्ल केली आणि निघालो. शीळफाट्याच्या जरा अलीकडे गाडीने मान टाकली. मागून ट्रकचे हॉर्न. कशीबशी कडेला घेतली. शेजारून ह्यांचं सुरू झालं, “मागे... मागे!” माझा बांध फुटला. “चला, जाऊ या मागे. घरीच जाऊ. देवीलाच आपण नको आहोत!”

तेवढ्यात पुढे एक छोटा टेम्पो थांबला, झेंडूच्या फुलांनी शिगोशीग भरलेला. चालवणारी बाई खाली उतरली. माझ्याच वयाची, पदर खोचलेला, जवळच्याच गावातली असावी.

“काय झाला ताई? गारी बंद परली?”

मी रडत रडत सगळं सांगितलं. तिने बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाली, “आनि दादा काय सांगतान?”

“घरी मागे चला म्हणतायत.”

ती वाकली, ह्यांच्या खिडकीशी तोंड नेऊन विचारलं, “दादा, घरी जावाचा हाय?”

ह्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही! मग “मागे” म्हणत डावा हात हवेत गोल फिरवला, काहीतरी पिळून उघडावं तसा. ती बाई गाडीच्या मागच्या बाजूला गेली आणि पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवून ओरडली, “ह्यो?” ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

तिने झाकण फिरवलं आणि सुस्सऽऽ असा लांबलचक आवाज झाला.

“बघा! आमच्या जुन्या टेम्पोला असाच झालेला. टाकीत हवा जावाला बारीक वाट लागते. पेट्रोल जाता नि हवा येत नाय, मंग गारी पेट्रोल ओढनार कशी? टाकी भरलेली असली का लवकर होता. झाकन नवीन हाय का?”

होतं. उन्हाळ्यात जुनं झाकण मी पेट्रोल पंपावर विसरले, तेव्हा बाजारातून मीच दुसरं आणून लावलं होतं. ह्यांनी ते पाहिलं होतं. म्हणजे शेजारी बसून त्यांनी रोग केव्हाच ओळखला होता, आणि मी त्यांचा शब्द माझ्या मनाने वाचत होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते हसत होते, खदखदून, डॅशबोर्डवर थाप मारत.

तिने झाकण सैल बसवून दिलं. “ठान्याला पोचल्यावर नवीन घ्या. मी पन तिकरंच चाललीय, माज्या मागं या.” पुढे झेंडूचा टेम्पो, मागे आम्ही. मुंब्रा बायपासच्या चढावर मी भीतभीत पाय दाबला आणि गाडीने अशी उचल घेतली, जणू कालच शोरूममधून आणलीय. ह्यांनी डाव्या हाताने ताल धरला होता.

टेंभी नाक्याला तिनेच ओंजळभर फुलं ह्यांच्या हातात दिली. देवीपुढे उभी राहिले तेव्हा माझ्याकडे आठ महिन्यांच्या तक्रारी होत्या, पण एकही आठवेना. बाहेर आल्यावर ह्यांना विचारलं, “काय मागितलंत?” ते हसले. “नको,” म्हणाले. काहीच नको.

ती बाई कोण, असं लोक विचारतात. फुलं पिकवणारी, टेम्पो चालवणारी माणूसच होती, आता आमच्याकडे जेवायलाही येते. तिला त्याच वेळी तिथे कुणी थांबवलं, ते मी विचारत नाही. एवढंच कळलं की वर देवीशी भांडून उत्तर मागत असताना उत्तर माझ्या शेजारच्या सीटवर बसलं होतं. आता पूजेला बसले की बोलणं कमी, ऐकणं जास्त. सगळं देवीवर सोडून डोळे मिटते. मग आतल्या खोलीतून खणखणीत हाक येते, “चहा!” हा शब्द गेल्याच महिन्यात परत आलाय.