सासूबाईंकडून शिकलेला डाव

सकाळी उठायचं म्हणजे त्याला आधी कुशीवर वळावं लागे, मग कोपर टेकायचं, मग पलंगाची कड धरायची आणि मग गुडघ्यांची समजूत काढायची. गुडघे तयार झाले की कंबर रुसायची. एवढा धिप्पाड माणूस, दारात उभा राहिला की खोलीतला उजेड कमी व्हायचा, पण सकाळी स्वतःच्याच अंगापुढे त्याला असं हात जोडावे लागत. बायको लाँड्रीतल्या पहिल्या पाळीला केव्हाच गेलेली असे. त्याचं कण्हणं ऐकून पलीकडच्या खोलीतून सासूबाई हाक मारायच्या, "उठताय ना जावईबापू, की रेफरीला बोलवू?"

त्याचा धंदा मारामारीचा. रस्त्यावरची नव्हे, तिकीट लावून, जाळीच्या पिंजऱ्यात, नियमाने केलेली. ठोसे, लाथा, पाडणं, दाबून धरणं, सांधा पिळणं, सगळं चालतं त्यात, आणि हा सगळ्यात वरच्या वजनी गटातला. तरुणपणी लोक त्याला 'घण' म्हणत. घंटा वाजली की हा सरळ समोर चालत जायचा आणि उजवा हात फिरवायचा. समोरचा पडला तर बरं, नाही पडला तर पुन्हा फिरवायचा. डोकं चालवायची वेळच यायची नाही. बायकोशी लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी त्याची एक लढत पाहिली होती आणि मुलीला म्हणाल्या होत्या, "हा जेवताना तरी थांबतो का गं?"

पुढे एकेका अवयवाने राजीनामा दिला. आधी गुडघ्याने, म्हणून लाथा बंद झाल्या. मग उजव्या हाताची बोटं दोनदा मोडली आणि ठोसा मारण्याआधी मनात एक 'बघ हं' यायला लागलं. मग दमसास गेला; दुसऱ्या फेरीतच तोंड उघडं पडायचं. शेवटी हनुवटी गेली. पूर्वी जे ठोसे तो माशी बसल्यासारखे झटकायचा, त्यातल्याच एका साध्या ठोशाने तो आडवा झाला. शुद्धीवर आला तेव्हा कोच त्याच्या बुटाच्या नाड्या सोडत होता आणि त्याच्याकडे बघत नव्हता.

त्याच सुमारास सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली; जीभ मात्र देवाने शाबूत ठेवली. बायकोच्या पाळ्या बदलता येईनात, तेव्हा सकाळी त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं काम याच्याकडे आलं. पहिल्या दिवशी त्याने त्यांना सरळ दंडांना धरून उचललं. सासूबाई किंचाळल्या आणि मागे जाऊन त्यांचं डोकं पलंगाच्या फळीवर आपटलं. फार लागलं नाही, पण तो आवाज त्याच्या पोटात जाऊन बसला. लोकांची डोकी आपटण्यात ज्याची हयात गेली, तो त्या दिवशी जेवला नाही.

मग फिजिओथेरपीच्या बाई आल्या आणि त्यांनी शिकवलं. हाताने ओढायचं नाही. आपला गुडघा त्यांच्या गुडघ्यांमध्ये घालायचा. छातीला छाती लावायची. त्या श्वास सोडतील तोवर थांबायचं, कारण श्वास सोडताना अंग सैल होतं. आणि त्या क्षणी नुसतं वळायचं. परत झोपवताना उजवा तळहात डोक्यामागे. हे तो रोज करायला लागला. सासूबाई त्याच्या खांद्यावरून सूचना देत राहायच्या, "हळू. मी काय सिमेंटचं पोतं आहे?"

जिममध्ये एकदा सरावात एका दांडगट पोराने त्याला जाळीवर दाबलं. ठोसा मारायची ताकद उरली नव्हती. तो नुसताच छातीला छाती लावून उभा राहिला, पोराचा श्वास ऐकत. पोराने श्वास सोडला आणि हा वळला. पोरगं धाडकन खाली.

"हे कुठून आणलंस?" कोचने विचारलं.

"सासूबाईंकडून."

कोच हसला. हा हसला नाही. सांगून कुणाला पटलं असतं?

तिथून त्याची लढायची तऱ्हाच बदलली. मार चुकवायचा, चिकटायचं, जाळीशी न्यायचं, वाट बघायची, पाडायचं, वर बसून राहायचं. तो जिंकायला लागला. लोक मात्र कंटाळले, शिट्ट्या मारू लागले, आणि 'घण'चा 'गोचीड' झाला. घरी टीव्हीवर लढत बघून सासूबाई विचारायच्या, "त्याला मारत होतात की झोपवत होतात?"

मग आयोजकांनी त्याला ऑफिसात बोलावलं, चहा दिला आणि गोड बोलून सांगितलं, की लोकांना तुझ्या लढती बघवत नाहीत. पुढची जिंकलास तर बघू. हरलास तर तुझं नाव पुन्हा लागणार नाही. घरी येताना त्याला स्वतःचाच राग आला, कारण हे ऐकून आत कुठेतरी बरं वाटलं होतं. पण लढण्याशिवाय त्याला काही येत नव्हतं. न लढणारा तो कोण, हे त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणून जिंकायलाच हवं होतं.

समोरचा निम्म्या वयाचा, हसऱ्या चेहऱ्याचा. पहिल्या फेरीत त्याने याच्या मांडीवर लाथा मारमारून पाय बधिर केला. दुसऱ्या फेरीत हा कसाबसा चिकटला आणि नुसता तगला. तिसऱ्यात मात्र पोरगं घाईला आलं, आत शिरलं आणि याच्या मिठीत सापडलं. याने त्याला जाळीशी नेलं. गुडघा गुडघ्यांमध्ये. छातीला छाती. लोक शिट्ट्या मारत होते, कोच ओरडत होता, हा फक्त श्वास ऐकत होता. पोराने श्वास सोडला. हा वळला.

दोघंही खाली येऊ लागले, हा वर. आता फक्त त्याच्या अंगावर कोसळायचं होतं. एवढं वजन पडल्यावर पोराला उठताच आलं नसतं. आणि कोसळता कोसळता याचा उजवा तळहात आपोआप त्याच्या डोक्यामागे गेला. डोकं आपटलं नाही. अलगद टेकलं.

पोरगं क्षणभर चकित झालं. मग ते शिकलं होतं तेच त्याने केलं. डोक्याखालचा तो हात दोन्ही हातांनी पकडला, कूस बदलली आणि कोपर उलट वळवलं. आत काहीतरी कटकन वाजलं. याने डाव्या हाताने जमिनीवर थापटून हार मानली.

"डोक्याखाली हात?" कोचने कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल भिरकावला. "उशी राहिली होती, ती पण द्यायचीस! अंगाई म्हणायचीस!"

तो उठून निघाला. बाहेर बोळात पोरगं वाट बघत उभं होतं. "काका," ते म्हणालं, "तुम्ही माझं डोकं धरलंत का हो?"

"सवय," तो म्हणाला आणि लंगडत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात गळ्यात बांधलेला. बायको रजा टाकून त्याची औषधं आणायला गेली होती. सासूबाईंच्या खोलीत जाताना त्याने टोमण्याची तयारी ठेवली होती. त्या छताकडे बघत होत्या.

"आई, आज तुम्हाला ती येऊन बसवेल. माझा हात असा."

"बघितलं मी काल."

"घसरला हो तो, ऐन वेळी."

"खोटं बोलू नका. त्या हातावर माझं डोकं रोज टेकतं. मला ओळखू येत नाही होय?"

तो गळ्यातली पट्टी सारखी करू लागला.

"माझ्यापायी गेलं ना तुमचं सगळं?"

जावयाने इथे 'छे, छे' म्हणायचं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण 'छे' बाहेर येईना.

"गेलं," तो म्हणाला. "पण आई, मी थकलोय हो. फार वर्षं थकलोय."

"मग तसं म्हणायचं की! कुणी धरून ठेवलं होतं तुम्हाला?"

त्याला हसू आलं, आणि हसता हसता ते भलतीकडेच गेलं. सासूबाईंनी धडधाकट हाताने चादर थोडी बाजूला केली. "बसा," त्या म्हणाल्या. तो कडेला बसला, त्यांना धक्का लागणार नाही असा, आणि रडायला लागला. एवढ्या मोठ्या माणसाच्या रडण्याने पलंग हलत होता. सासूबाई त्याला 'हळू' म्हणाल्या नाहीत.